सीमेच्या अलीकडचं गाव, पलीकडचं गाव: तुलना करायची तरी कशी?

सीनाकाठ
नमस्कार मंडळी. राज्यशास्त्रात पीएचडी करतोय, दुसरं वर्ष चालू आहे आणि विषय ठरूनही पद्धतीपाशी अडकून बसलोय, म्हणून इथे विचारतो.

माझं गाव परांडा तालुक्यात, आजोळ बार्शी तालुक्यात. मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता. जमीन तीच, पाऊस तोच (म्हणजे नसलेला), ज्वारी तीच, सोयरिकी दोन्हीकडे. पण सप्टेंबर 1948 पर्यंत आमचं गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि आजोळ मुंबई इलाख्यात, 1947 पर्यंत इंग्रजांच्या. आजोळच्या विकास सोसायटीला स्वतःचं गोदाम आहे, वार्षिक सभेला भांडणं होतात म्हणजे लोक येतात तरी. आमच्या सोसायटीचा गटसचिव मार्च महिन्यात उगवतो आणि परत गायब. लहानपणापासून हे बघतोय आणि डोक्यात एकच प्रश्न, की हा फरक त्या जुन्या सीमेचा आहे का?

गाइड म्हणतात दोन्ही बाजूंची मिळून 20 गावं घे, 400 घरांचा सर्व्हे कर, मग बोल. विभागातले दुसरे सर म्हणतात एका गावात वर्षभर राहा, सर्व्हेने काही कळत नाही. मला वाटतं दोन गावं खोलात जाऊन तुलना करावी. तिघांचं तीन दिशांना तोंड आहे. तुम्ही काय केलं असतं?

जोंधळा
आधी हे सांगा, 'सोसायटी चालते' म्हणजे नक्की काय मोजणार? गोदाम? वसुली? सभेची हजेरी? की गरजू माणसाला कर्ज मिळतं हे? चारही गोष्टींची उत्तरं वेगळी येतील.

चाफेकळी_पुणे
विषय भारी आहे. वाचतेय.

कॅम्पसकट्टा
@सीनाकाठ, तुम्ही जे म्हणताय त्याचं शास्त्रशुद्ध रूप जॉन स्टुअर्ट मिलने 1843 मध्येच मांडलंय, फरकाची पद्धत. दोन प्रकरणं सगळ्या बाबतीत सारखी, एकाच बाबतीत वेगळी, आणि परिणाम वेगळा, तर कारण ती एक वेगळी बाब. ऐकायला सोपं. पण मिलने स्वतःच पुढे बजावलंय की समाजाच्या अभ्यासाला ही पद्धत लागू पडत नाही, कारण एकाच बाबतीत वेगळे असे दोन समाज कुठे सापडतच नाहीत. तो इशारा वर्गात बहुतेक वेळा गाळला जातो, मी स्वतः शिकवताना तो पहिल्याच तासाला सांगतो.

राज्यशास्त्रज्ञ लाइपहार्टने 1971 मध्ये तुलनात्मक पद्धतीचं मुख्य दुखणं सांगितलं ते तुमचंच आहे: प्रकरणं थोडी, बदलणाऱ्या गोष्टी भाराभर. दोन गावं घेतलीत तर फरकाची वीस कारणं देता येतील आणि एकही खोडता येणार नाही. म्हणून गाइड 20 गावं म्हणतायत ते उगाच नाही.

बार्शीकर
मालक, तुम्ही म्हणताय जमीन तीच पाऊस तोच. आणि रेल्वे कुठं गेली? बार्शी लाइट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडीवरून बार्शीला आली. आमच्याकडं बाजारपेठ झाली, अडत्या आले, पुढं कापडगिरण्या आल्या. परांड्याला आजही रेल्वे नाही. माझे पणजोबा अडतीत हमाल होते, ते सांगायचे म्हणे की निम्मा माल मोगलाईतून बैलगाडीनं यायचा. (आमच्याकडची म्हातारी माणसं निजामाच्या मुलखाला मोगलाईच म्हणायची.) तर फरक इंग्रजांमुळं का रुळामुळं ते तुम्ही कसं वेगळं करणार? आमच्या गावाला चांगलं म्हटलं म्हणून बरं वाटलं, पण श्रेय चुकीच्या माणसाला जायला नको.

जोंधळा
बार्शीकरांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. आणि त्यातच दुसरा मुद्दा दडलाय. निम्मा माल पलीकडून यायचा म्हणजे ही दोन प्रकरणं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीतच. व्यापारी, सावकार, लग्नं, सगळं सीमेच्या आरपार.

कॅम्पसकट्टा
याला गाल्टनचा प्रश्न म्हणतात. 1889 मध्ये लंडनला मानववंशशास्त्रज्ञ टायलरने जगभरच्या समाजांची आकडेवारी मांडून निबंध वाचला, तेव्हा गाल्टनने उठून विचारलं, यातले किती समाज एकमेकांकडून शिकलेत? शिकले असतील तर ती वेगवेगळी उदाहरणं कशी धरायची? सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, प्रश्न अजून तसाच उभा आहे.

आकडेमोड
मी सर्व्हेवाला माणूस आहे, म्हणून सर्व्हेची बाजू घेतो पण जरा सांभाळून.

सीमेवरची तुलना हा चांगलाच मार्ग आहे, फक्त सीमा कशी आखली गेली ते आधी बघावं लागतं. राज्यशास्त्रज्ञ डॅनियल पोस्नरचं 2004 चं काम यातलं नमुनेदार. आफ्रिकेत मलावी आणि झांबिया यांच्या सीमेने चेवा आणि तुंबुका हे दोन्ही समाज मधून कापले गेले. त्याने सीमेलगतची चारच गावं घेतली, दोन्ही देशांत एकेक चेवा आणि एकेक तुंबुका. मलावीत हे दोन समाज राजकारणात एकमेकांसमोर उभे, झांबियात मित्र. त्याचं उत्तर असं की मलावीत दोघंही संख्येने मोठे आहेत म्हणून मतांसाठी त्यांना भिडवता येतं, झांबियात दोघंही लहान म्हणून हाताशी धरावे लागतात. आता गंमत बघा, तिथे सीमेच्या दोन्ही बाजूंना इंग्रजच होते आणि रेघ कारभाराच्या सोयीने ओढलेली, गावं बघून नाही. म्हणून ती तुलना टिकते. तुमच्या सीमेवर एका रेघेसरशी राज्यकर्ता बदलतो, महसूल बदलतो, कोर्टाची भाषा बदलते, शाळा बदलते, रेल्वे बदलते. फरक सापडेल हो, पण यातल्या कशाचा ते 400 घरं सोडा, 4000 घरांनीही कळणार नाही.

म्हणजे माझं मत, संख्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही. सर्व्हे करा, पण नंतर.

ओवी
तीन वर्षं खेड्यात राहून काम केलंय (मराठवाड्यातच, तुमच्यापासून लांब नाही), त्यातला एक प्रसंग सांगते.

आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, 'गेल्या वर्षीचं पीककर्ज फेडलं का?' जवळपास सगळ्यांनी हो सांगितलं. आम्ही खूश, वसुली उत्तम असं टिपून मोकळे. दोन महिन्यांनी एका काकूंच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते तेव्हा त्या सहज बोलल्या, 'मार्चमध्ये नवं-जुनं केलं बाई, चार दिवसांसाठी हातउसने आणले होते.' म्हणजे उसने पैसे आणून जुनं कर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं आणि उसने परत करायचे, वर त्या चार दिवसांचं व्याज. कागदावर फेड झाली. माणूस तिथंच. आणि ते चार दिवसांचे पैसे कुणी दिले? गावातल्या सावकाराने. म्हणजे सहकारी सोसायटीची वसुली सावकाराच्या जोरावर चालली होती आणि आम्ही तिला सहकाराचं यश म्हणून नोंदवत होतो.

सगळे फॉर्म परत भरले. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण मी मराठवाड्यातली, भाषा माझी, आणि तरी प्रश्न चुकीचा विचारला.

म्हणून @सीनाकाठ, तुमचा गटसचिव मार्चमध्येच का उगवतो ते तुम्हाला आता कळलं असेल.

सीनाकाठ
@ओवी, अंगावर काटा आला खरंच. नवं-जुनं हा शब्द घरात शंभरदा ऐकलाय, वडील दर वर्षी करतात, पण माझ्या प्रश्नावलीत तो नाही! 'परतफेड: हो / नाही' एवढंच आहे.

परदेशी_पाखरू
ओवीताईंच्या मुद्द्याला जोडून. मी अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात आहे, दक्षिण आशिया विभागात. इथे 1958 च्या कायद्याने (रशियाने स्पुटनिक सोडल्यावर घाईघाईने केलेला) परक्या भाषा शिकायला सरकारी पैसा आला आणि त्यातून हे सगळे प्रदेश-अभ्यासाचे विभाग वाढले. हेतू शीतयुद्धाचा होता हे उघडच आहे. पण त्यातून एक शिस्त आली. मराठीवर काम करायचं तर विद्यार्थी आधी दोन वर्षं मराठी शिकतो, पुण्याला जाऊन राहतो, आणि मग 'सोसायटी' म्हणजे गावात काय, 'भावकी' म्हणजे काय, 'वजन असलेला माणूस' म्हणजे काय याची वही करतो. एलिनॉर झेलियट, मॅक्सीन बर्नसन, गेल ऑमव्हेट ही माणसं अशीच घडली. बर्नसनबाई कित्येक वर्षं फलटणला राहिल्या आणि ऑमव्हेट कासेगावला कायमच्याच.

आपण मराठी माणसं ही पायरी गाळतो. 'आपल्याला येतंच की' म्हणून. मी सोलापूरची, पण पहिल्यांदा चंद्रपूरकडे मुलाखती घेतल्या तेव्हा अर्ध्या शब्दांना मी माझा सोलापुरी अर्थ लावत होते. आपल्याच भाषेची अशी वही करा, मनापासून सांगते.

उलटही आहे. पुढे 70 च्या दशकापासून राज्यशास्त्रात वारा फिरला. प्शेवोर्स्की आणि ट्युन यांनी 1970 मध्ये म्हटलं की देशांची नावं काढून त्या जागी चलं (म्हणजे बदलणाऱ्या गोष्टी) घालता आली पाहिजेत. म्हणजे 'भारत' म्हणू नका, भारताचं जे काही कारणीभूत आहे ते म्हणा. मला सुरुवातीला याचा राग यायचा, आता वाटतं प्रश्न रास्त आहे. 'निजाम' हे नाव काढलं तर @सीनाकाठ तुमच्या हातात काय उरतं?

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय. परदेशी_पाखरू यांचा शेवटचा प्रश्न आमच्याकडे रोजचा. लोक पेडणे आणि सावंतवाडीची तुलना करतात आणि म्हणतात बघा पोर्तुगीज राजवटीचा परिणाम. अरे पण तिसवाडी पोर्तुगिजांकडे सोळाव्या शतकात गेली आणि पेडणे 1788 मध्ये! दोन्हीला एकच लेबल लावायचं? तिसवाडीत गावकरीची कोमुनिदाद (जमिनीची सामाईक गावसंस्था), पेडण्यात बऱ्याच ठिकाणी वेगळंच. जमिनीचा कागद बघायचा तर तुमच्याकडे सातबारा, आमच्याकडे फॉर्म एक-चौदा, रकाने जुळत नाहीत. तुमच्या निजामी मुलखातही सरसकट एकच पद्धत नव्हती ना?

पंचनामा
बरोबर बोललात. 31 वर्षं महसूल खात्यात काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, निम्मी नोकरी मराठवाड्यात.

निजामी मुलखात खालसा गावं वेगळी (म्हणजे सरकारची, तिथं रयतवारीच, सारा थेट शेतकऱ्याकडून), जहागिरीची वेगळी, पायगा (निजामाच्या बड्या सरदार घराण्यांची) वेगळी आणि सर्फ-ए-खास म्हणजे खुद्द निजामाच्या खासगीतली गावं वेगळी. शेजारशेजारची दोन गावं दोन प्रकारची असायची. जहागिरी 1949 ला गेल्या. सीनाकाठ साहेब, तुमचं गाव कशात होतं ते माहिती आहे का? ते कळल्याशिवाय 'निजामाचं गाव' म्हणण्याला अर्थ नाही.

कागद बघायचे तर: 1954 च्या खासरा पत्रकापासून (जमिनीची जुनी नोंद) सुरू करा, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. त्याच्या मागं गेलात की उर्दू लागते, काही ठिकाणी मोडी. सालं फसली (निजामी महसुली साल) असतात, फसलीत 590 मिळवायचे म्हणजे इसवी येतं. फसली 1338 म्हणजे 1928 च्या आसपास. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघाल्यावर उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, तेव्हा वाचणारा आधी गाठून ठेवा. आणि गठ्ठे सोडणाऱ्या शिपायाशी नीट बोला, कुठल्या कपाटात काय आहे ते त्यालाच माहिती असतं, यादीत काहीही लिहिलेलं असो.

आणखी एक, जिल्ह्याचे आकडे डोळे झाकून जोडू नका. लातूर जिल्हा 1982 ला उस्मानाबादमधून (आताचं धाराशिव, तुमचा परांडा त्यातलाच) निघाला. 1971 च्या आणि 1991 च्या जनगणनेतला 'उस्मानाबाद' एक नव्हे. आमच्याकडं एक पोरगी आली होती संशोधनाला, तिचा सगळा आलेख 1981 नंतर धाडकन खाली, ती म्हणे दुष्काळ. दुष्काळ नाही बाई, जिल्हा फुटला.

जोंधळा
'दुष्काळ नाही बाई, जिल्हा फुटला' हे वाक्य प्रत्येक विद्यापीठाच्या भिंतीवर लावा 😀

इतिहासप्रेमी
पंचनामा काकांना नमस्कार. आता मी धाग्यावर बॉम्ब टाकतो. 1853 च्या तहात निजामाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा भाग इंग्रजांकडे सोपवला. वऱ्हाड राहिलं, पण बाकीचे दोन्ही 1860 मध्ये परत केले. म्हणजे तुमची 'निजामी' बाजू 7 वर्षं इंग्रजांच्या कारभारात होती! नळदुर्ग भागाचा कारभार तेव्हा मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी बघत होता.

सीनाकाठ
हे मला माहितीच नव्हतं. दोन वर्षं या विषयावर बसलोय आणि माझ्या प्रस्तावात पहिल्याच पानावर लिहिलंय 'सलग निजामी राजवट'.

आकडेमोड
खचू नका. उलट आता विषय रंगला. 7 वर्षांनी काही उरलं का हा वेगळा प्रश्न, पण तो विचारता येतो.

बोरीकाठ
मी नळदुर्गकडची, आडनावावरून कळतं म्हणून इथे टोपणनावानेच लिहिते. एक विनंती आहे.

तुम्ही म्हाताऱ्या माणसांना 'निजामाच्या काळात कसं होतं' असं विचारणार. आमच्या तालुक्यात हा प्रश्न प्रत्येक घरात वेगळा ऐकू येतो. काही घरांत रझाकारांनी घर जाळल्याची आठवण आहे, सीमेपलीकडच्या कॅम्पवर जाऊन लढलेले लोक आहेत, ते अभिमानाने सांगतील. आणि आमच्यासारख्या घरांत पोलीस ॲक्शननंतरचे (1948 ची भारताची हैदराबादवरची लष्करी कारवाई) दिवस आहेत. त्यानंतरच्या हिंसेची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. माझ्या आजीने तिच्या भावांबद्दल मरेपर्यंत एक वाक्य सांगितलं नाही. कुणी वही घेऊन आलं असतं तर तिने म्हटलं असतं, सगळं चांगलं होतं बेटा, चहा घे.

तुम्ही ते 'चांगलं होतं' लिहून घ्याल आणि तुमच्या तक्त्यात ते मत म्हणून जाईल. ते मत नाही. म्हणून विचारायचंच असेल तर सोसायटीबद्दल विचारा, कर्जाबद्दल विचारा, आणि 1948 त्यांनी स्वतःहून काढलं तरच ऐका.

ओवी
@बोरीकाठ, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे पद्धतीच्या पुस्तकात मी कुठे वाचलं नव्हतं.

कॅम्पसकट्टा
मी माझ्या आधीच्या प्रतिसादात दुरुस्ती करतो. 20 गावांचा आग्रह सोडतो. दोन गावांचा मात्र अजून विरोध आहे, कारण तुम्ही परांड्याचं बंद पडलेलं आणि बार्शीचं चाललेलं अशी आधीच निवडलीत, उत्तर बघून प्रकरणं उचलल्यासारखं होतं. परांड्याकडेही एखादी चांगली चाललेली सोसायटी असेल, बार्शीकडेही बुडालेली असेल. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगलींवर काम करताना शहरांच्या तीन जोड्या लावल्या, अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनऊ, अहमदाबाद-सुरत, दर जोडीत एक दंगलींचं आणि एक शांततेचं. फक्त दंगलीची शहरं घेतली असती तर शांतता कशी टिकते हे कळलंच नसतं. तसं चौकटीत चार खाने करा: अलीकडे चांगली, अलीकडे वाईट, पलीकडे चांगली, पलीकडे वाईट.

बार्शीकर
बार्शी तालुक्यातली बुडालेली सोसायटी पाहिजे तर मी दाखवतो, लांब जायला नको. हुरड्याच्या दिवसांत या, डिसेंबर-जानेवारीत. रानातच माणसं बोलतात.

चाफेकळी_पुणे
अवांतर: हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी की जवसाची?

बार्शीकर
दोन्ही. आणि दही.

मांडवीकाठ
अवांतर: आमच्याकडे हुरडा मिळत नाही, यावर एक तुलनात्मक अभ्यास व्हावा 😀

परदेशी_पाखरू
हुरड्यावरून परत येते. @सीनाकाठ, टिपणांच्या दोन प्रती ठेवा, वेगवेगळ्या ठिकाणी. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरकडच्या एका गावात राहून काम केलं, त्या टिपणांवर प्रक्रिया करून ठेवलेल्या प्रती 1970 मध्ये स्टॅनफर्डला आगीत जळाल्या. त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं, पण ते श्रीनिवास होते.

सीनाकाठ
(पाच महिन्यांनी) मंडळी, धागा वर काढतो, राग मानू नका.

प्रस्ताव बदलला. 'निजाम विरुद्ध इंग्रज' काढून टाकलं. चार गावं घेतली, कॅम्पसकट्टा सरांच्या चौकटीप्रमाणे, आणि त्यातली दोन जुन्या रेल्वेपासून जवळ, दोन लांब. प्रत्येक गावात दोन-दोन महिने राहायचं, शब्दांची वही करायची, मग शेवटी छोटा सर्व्हे, त्यात 'परतफेड' हा शब्दच नाही, 'नवं-जुनं केलं का, पैसे कुठून आणले' असं आहे. गाइड आधी नाराज होते. ओवीताईंचा शेंगा फोडण्याचा प्रसंग सांगितला तेव्हा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, लिही.

पंचनामा काका, माझं गाव जहागिरीचं निघालं. आणि शेजारचं, जिथली सोसायटी व्यवस्थित चाललीय, ते खालसा. दोनच गावांवरून काही म्हणणार नाही, पण आता मी जुन्या सीमेपेक्षा परांड्याच्या आतच जास्त बघतोय. बार्शीकडच्या बुडालेल्या सोसायटीच्या गावाला हुरडा खाल्ला. बार्शीकरांच्या चुलत्यांनी तिथे सांगितलं की त्यांचे वडील कर्जाला परांड्याकडच्या सावकाराकडे जायचे, कारण इकडे कोर्टकज्जा लवकर व्हायचा म्हणून इकडचे सावकार कागद कडक करायचे. म्हणजे माणसं सीमा वापरत होती! हे माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, वहीत मात्र लिहून ठेवलंय, दोन प्रतींत.

@बोरीकाठ, 1948 मी कुणालाच विचारलं नाही. दोन ठिकाणी त्यांनीच काढलं. ते लिहिलेलं नाही.

एक अडलंय. फसली 1342 च्या एका फेरफारात गावाच्या नावापुढे उर्दूत एक शेरा आहे, वाचणारे दोघं दोन वेगळे अर्थ सांगतायत, एक म्हणतो 'मक्ता', दुसरा म्हणतो 'मुक्ता'.

पंचनामा
मक्ताच असणार, ठराविक रकमेवर लावून दिलेलं गाव. पण फोटो पाठवा, आणि त्याच गठ्ठ्यातलं आधीच्या सालाचं पान पण बघून या. शेरा तिथं असेल तर लिहिणारा वेगळा असेल, अक्षर सुटं मिळेल.